कर्णिककाका आणि थंड पाणी

कर्णिककाका मासे पकडतात आणि परत पाण्यात सोडून देतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस एक तर संत असावा, नाही तर सीकेपी नसावा. दोन्ही अंदाज चुकले. काका पक्के सीकेपी होते. शनिवारी सकाळी इंग्लंडातल्या ब्रॅकनेलहून गाडी काढून थेट लंडनच्या पलीकडचं इल्फर्ड गाठायचे, तिथल्या मासेवाल्याशी पापलेटाच्या कल्ल्यांवरून हुज्जत घालायचे आणि दुपारी शैलाकाकूंच्या हातचं कालवण ओरपून ताणून द्यायचे. रविवारी मात्र तोच माणूस मेडनहेडजवळ थेम्सच्या काठी बसून माशाच्या तोंडातला गळ इतक्या हलक्या हातानं काढायचा, की तान्ह्या मुलाच्या पायातला काटा काढतोय असं वाटावं.

"सोडायचेच आहेत तर पकडायचे कशाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. मी पुण्याची. प्रश्न पोटात ठेवायची आम्हाला सवय नाही.

"भेटायला," काका म्हणाले. "पाहुणा येतो, दोन घटका बसतो, जातो. आपण त्याला कापून खातो का?"

"आणि काल इल्फर्डहून आणलेला?"

"तो पाहुणा नव्हता, तो बाजार होता."

काकांचं असं सगळं ठरलेलं असे. ब्रॅकनेलमधल्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून सारी नोकरी झालेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला पद्धत हवी. माझा नवरा संदीप पुण्याहून प्रोजेक्टवर इथे आला, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात अगदी मिटून गेला होता. चार वाजता अंधार, घरी आलं की भिंतीकडे तोंड. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या या काकांनी त्याला एका रविवारी उचलून नदीवर नेलं आणि संध्याकाळी बोलता माणूस परत आणून दिला. त्या उपकारापोटी मी, एक जन्माची शाकाहारी बाई, पुढे कित्येक रविवार ओल्या गवतावर थर्मास घेऊन बसले.

काकांच्या हिरव्या जॅकेटला खिसे किती होते देव जाणे. त्यातल्या एकात हिंगाची डबी असे. इतर लोक माशांना पाव, मक्याचे दाणे, अळ्या असलं काय काय दाखवायचे. काका कणकेच्या गोळीत हिंग मळायचे. "इंग्लंडात जन्मला तरी वास कळतो त्याला," म्हणायचे. आणि खरंच कळायचा, हे मला कबूल करावं लागतं. आमच्या आमटीच्या वासाला नाक मुरडणारा, शेजारी गळ टाकून बसलेला इंग्रज काकांकडे चिमूटभर हिंग मागायला यायचा.

नियम पाठ होते. माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडवायचे, कोरड्या हातानं त्याचं अंग सोलवटतं. गळाला उलटा काटा नको. खाली ओली चटई. फोटो एकच. "लग्न नाहीये त्याचं," काका संदीपवर ओरडायचे. सोडताना मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरायचा, आणि तो स्वतः शेपूट मारेपर्यंत हात काढायचा नाही. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत इथल्या नद्यांवर मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या दिवसांत काका काठावरून साधं चालतसुद्धा नसत. "बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावतं का?" असं म्हणून घरी रॉडना तेलपाणी करत बसायचे.

पण काकांचं खरं दर्शन व्हायचं ते गुंता झाला की. नवशिक्याच्या हातात रॉड दिला की पहिला मासा तो स्वतःच असतो. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची बारीक दोरी, हाताला, झाडाला, बुटाला, सगळीकडे अडकतो. माझ्या हातून एकदा असा गुंता झाला की संदीपनं मुकाट्यानं कात्री काढली. काकांनी त्याचा हात धरला. "कापायचं नाही. माणसानं घातलेली गाठ माणसाला सुटते." मग चष्मा कपाळावर चढवून मांडीवर तो सगळा प्रपंच घेऊन बसले. बोटं गारठलेली, वारा सुटलेला, मासे तिकडे मजेत. पाऊण दुपार गेली. शेवटी तंगूस सरळ झाला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात असा ठेवला जसं काही झालंच नव्हतं. मी मनात म्हटलं, दोन पौंडांच्या दोरीपायी एवढा हट्ट! पण घरी जाताना गाडीत मला भरून आलं होतं, ते का, हे तेव्हा कळलं नाही.

या हट्टाला एकच माणूस भीत नसे, शैलाकाकू. काकू नागपूरच्या. मे महिन्यात माठातलं पाणी पिऊन वाढलेली बाई, तिला थेम्सचं खोरं काय मानवणार! जुलैमध्येसुद्धा दोन शाली, पायांत काकांचे लोकरी मोजे, कानाला मफलर. तरी दर रविवारी यायच्या, फोल्डिंगच्या खुर्चीत नदीकडे जरा पाठ करून बसायच्या आणि काकांची यथेच्छ टोपी उडवायच्या.

"अहो, तो मासा तरी कुडकुडतोय, आता पुरे करा."

"शैला, त्याचं रक्त थंडच असतं."

"तुमचंही तसंच आहे. म्हणून जमतं तुमचं."

एकदा जुलैत त्यांची मुलगी मीनल आली होती. ती इथेच जन्मलेली, एडिनबराला डॉक्टर. पाण्यात पाय सोडून बसली आणि आईला बोलवायला लागली. "आई, ये ना! पाणी इतका छान आहे! जस्ट युअर टोज!"

"मेले तरी या पाण्यात पाय घालायची नाही," काकू म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो. काका सगळ्यात जास्त हसले.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. काकांचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडे नद्यांमध्ये पॅडलफिश नावाचा एक प्रचंड मासा होतो; नाक वल्ह्यासारखं लांब आणि चपटं. वसंतात पुतण्याच्या मित्रमंडळींची, बायकामुलांसकट, त्या माशासाठी सहल निघते. काकांना मोठ्या हौसेनं नेलं. काका परत आले ते गप्प. फार खोदल्यावर बोलले.

"तो मासा गळाला लावलेलं काही खातच नाही. तोंड उघडं टाकून पाणी गाळत पोहतो, बस. मग पकडायचा कसा? तर मोठा तीन तोंडांचा काटा, त्याला शिसं बांधायचं, लांब फेकायचा आणि हिसके देत तळातून ओढत आणायचा. लागला कुठे अंगात तर लागला. तिथे कायदा आहे, परवाना आहे, माणसं चांगली आहेत, पोरं खूश. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण माझ्या हातात रॉड दिला तेव्हा मला कसंतरीच झालं. जो आपल्याला भेटायला आलेलाच नाही, त्याला अंधारात काटा घालून ओढायचं?"

काकूंनी त्या दिवशी टोमणा मारला नाही. नुसता चहा पुढे केला.

काकू जानेवारीत गेल्या. छातीत कफ झाल्याचं निमित्त, आणि मग चार दिवसांत सगळं आटोपलं. काकांच्या हृदयाचं दुखणं अमेरिकेहून आल्यावर बळावलेलं, डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केलेली. मीनलची रजा संपत आलेली. अस्थी भारतात न्यायच्या कुणी? तेव्हा काकाच म्हणाले, "गंगा काय, थेम्स काय. पाणी शेवटी समुद्रालाच जातं." वाक्य चांगलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंचं ते जुलैतलं बोलणं तेव्हा कुणाला आठवलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला आठवलं नव्हतं.

मेडनहेडहून एक छोटी बोट ठरवली. बोटवाल्यानं आधीच बजावलं होतं, राख सोडा, भांडं पाण्यात टाकू नका. काकांना नियम सांगावा लागतो का? त्यांनी काकूंच्या देवघरातल्या तांब्याच्या कलशात अस्थी भरल्या, तोंडाला लाल फडकं लावलं आणि गाडीत सांडू नये म्हणून वरून तंगूस गुंडाळून गळ बांधताना मारायचे तशी पक्की गाठ मारली. ओली झाली की आणखी आवळणारी.

गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी आकाशातून पडत होतं. फोन मीनलच्या हातात, त्यावर गुरुजींचं नुसतं कपाळ दिसायचं आणि तेही मधूनच थिजायचं. मंत्र मात्र अखंड चालू. काका बोटीच्या कडेला गुडघे टेकून गाठ सोडवत होते. भिजलेला तंगूस, निळी पडलेली बोटं. एकदा केला प्रयत्न, दुसऱ्यांदा केला.

"काका, हे घ्या," म्हणून संदीपनं कात्री पुढे केली.

काकांनी मान हलवली. कापायचं नाही.

"सोडा आता यजमान, सोडा," फोनमधून गुरुजी म्हणाले.

"बाबा, प्लीज. तो बोटवाला बघतोय. जस्ट डू इट," मीनल रडत म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग कलशाकडे. आणि गाठ न सोडता, फडकं न काढता, तो कलश तसाच पाण्यात सोडला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. तांबं जड, लगेच खाली गेलं. वर चार झेंडूची फुलं फिरत राहिली.

त्यानंतर काका पहिल्यांदा बदलले ते ताटात. संदीप मुद्दाम इल्फर्डला जाऊन पापलेट घेऊन आला, मी नाक दाबून ते डब्यात भरलं आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकांनी डबा उघडून पाहिला आणि हळूच झाकण लावलं. "नको रे," म्हणाले. "पाण्यातलं काही नको." सीकेपी माणसानं पापलेटाला नको म्हणावं! संदीप परतीच्या वाटेत म्हणाला, "काहीतरी सीरियस आहे." मी म्हटलं, दुःख आहे, ओसरेल. ते दुःख नव्हतं, हे एप्रिलमध्ये कळलं.

एका रविवारी काका फोन उचलेनात. घरी कुलूप. संदीप म्हणाला, नदीवर बघू. मी म्हटलं, एप्रिलमध्ये? काका? शक्यच नाही. तरी गेलो.

काका काठावर उभे होते. मी त्यांना रॉड घेऊन उभं कधी पाहिलं नव्हतं. ते बसूनच असत. हातात जाड, आखूड रॉड. लांब फेक, क्षणभर थांब, मग जोरात हिसका. पुन्हा हिसका. टोपी गवतात पडलेली, शर्ट पाठीला चिकटलेला. संदीपच्या तोंडून एकदम निघालं, "तीन तोंडांचा काटा." मग मलाही दिसला. इंग्लंडात हा सरळ गुन्हा, आणि तोही विणीच्या दिवसांत.

"काका! अहो, काय करताय हे?"

त्यांनी वळून बघितलंही नाही. "गाठ राहिली," म्हणाले. "तोंड बांधलेलं आहे तिचं. आत कोंडलीये ती. वर काढतो, गाठ सोडवतो आणि मोकळी करतो. तेवढंच करायचंय."

"काका, कलश आता..."

"ती म्हणाली होती, मेले तरी घालायची नाही. मी घातली. बांधून घातली." हिसका. "रात्री पांघरूण घेववत नाही मला. तिला तिथे किती गार वाटत असेल, काही कल्पना आहे तुम्हाला?"

कल्पना नव्हती. मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं की मेलेल्याला थंडी वाजत नाही. पण त्या काठावर, त्या माणसाच्या शेजारी उभं राहून मला ते म्हणवेना. पाणी करडं होतं आणि तळ दिसत नव्हता. आणि मलाच वाटायला लागलं की खाली कुणीतरी बसून आहे, शाली गच्च ओढून, नदीकडे पाठ करायला जागा नसलेलं.

तेवढ्यात तंगूस ताणला. रॉड वाकला आणि तसाच राहिला. काकांचा चेहरा एकदम तरुण झाला.

"आली," ते म्हणाले. "जड आहे. हळू. शैला, हळू."

आम्ही दोघं पाण्याच्या अगदी कडेला गेलो. खरं सांगते, मीही हात पुढे केले होते. काही तरी वर यायला लागलं, तांबूस, गोल. मग ते वळलं आणि त्याला शेपूट होती.

बार्बल होता. या नदीतला देखणा, तांबूस सोनेरी मासा. पोट अंड्यांनी टम्म भरलेली मादी. काटा कुशीत रुतलेला, बाजूनं रक्ताची बारीक रेघ. काका तिच्याकडे बघतच राहिले. मग रॉड टाकून बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरले. तिला पाण्यातच धरून काटा काढला. प्रवाहाकडे तोंड करून धरून उभे राहिले. "चुकलं," म्हणत होते. "चुकलं माझं. तुला नव्हतो बोलावत." ती बराच वेळ हललीच नाही. काका तसेच उभे, ओठ निळे. शेवटी तिनं शेपूट मारली आणि गेली. जगली की नाही, देव जाणे.

त्याच वेळी मागे बुटांचा आवाज आला. नदीवर देखरेख ठेवणारा बेलिफ, म्हातारा इंग्रज, काकांना वर्षानुवर्षं ओळखणारा. त्यानं गवतातला काटा पाहिला, पाण्यातले काका पाहिले. त्याला राग यावा की आश्चर्य वाटावं, कळेना.

"मिस्टर कर्णिक? यू, ऑफ ऑल पीपल?"

काका वळले आणि शांतपणे म्हणाले, "माय वाइफ इज डाउन देअर."

बेलिफचा चेहरा पांढराफटक पडला. दोन पावलं मागे सरून त्यानं खिशातला फोन काढला. मला एका क्षणात कळलं की हा आता पोलिसांना बोलावणार. मी "ॲशेस! ॲशेस!" म्हणून इतक्या मोठ्यांदा ओरडले की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. एरवी या गोष्टीवर आम्ही वर्षभर हसलो असतो. त्या दिवशी कुणालाही हसू आलं नाही.

मी सगळं सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढली. नियमानं त्यानं खूप काही करायला हवं होतं. त्यानं फक्त तो काटा उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला. मग काकांना हात देऊन वर घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, की फेब्रुवारीत मोठा पूर आला होता, इथला तळ दर वर्षी सरकतो, ती आता या जागी नसणार. खाली कुठेही असेल, अगदी विंडसरपर्यंत. त्याला वाटलं, या बोलण्यानं म्हाताऱ्याची सुटका होईल. काकांनी मान वळवून खालच्या अंगाला पाहिलं, नदी जिथे झाडांआड जाते तिथे, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला विसरता येत नाही. आतापर्यंत निदान ती कुठे आहे, एवढं तरी त्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात काकांनी सगळं सामान संदीपच्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. "वापर," एवढंच म्हणाले. संदीपनं ते अजून उघडलेलं नाही. मीनल त्यांना एडिनबराला चला म्हणत राहिली, काका इथली कामं आहेत म्हणत राहिले. कसली कामं, ते सांगत नसत. आम्ही फोन करायचो, ते नीट बोलायचे, हवापाण्याची चौकशी करायचे. नोव्हेंबरात झोपेतच गेले. त्यांचं पुढचं मीनलनं केलं, आणि ते कसं, कुठे, ही तिची गोष्ट आहे, मी सांगायची नाही.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये मला ते एकदा दिसले, तेवढेच. कामानिमित्त मी विंडसरला गेले होते. दुपारची वेळ, इथे क्वचित पडतं तसं लख्ख ऊन पडलं होतं, मी कोट हातावर घेऊन नदीकाठानं चालले होते. पाण्याला लागून असलेल्या मोकळ्या जागेत काकांची गाडी उभी होती. इंजिन चालू. काका स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ पुढे बघत बसले होते. मी जवळ गेले तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. हीटर पूर्ण जोरात चालू होता. काकांच्या कपाळावरून घाम गळत होता, कॉलर भिजली होती. आणि त्यांच्या शेजारच्या सीटची, नदीकडची काच पार खाली केलेली होती.

"काका, एवढ्या उन्हाचा हीटर? आणि काच उघडी?"

"असू दे," काका म्हणाले. "तिच्या बाजूची आहे ती."

मला आयुष्यात पहिल्यांदा उलट काही विचारावंसं वाटलं नाही. मी मागचं दार उघडून आत बसले आणि दार लावून घेतलं. गरम हवा त्या खिडकीतून बाहेर पाण्याकडे जात राहिली. मग काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोचत असेल ना गं?"

मी म्हटलं, "हो काका. पोचते."